यादीत नाही

"तुमचा प्रोसेसर यादीत नाही, सर,"
पुण्याची मुलगी फोनवर म्हणाली,
आवाजात इतकी माया
की मीच तिला सॉरी म्हणालो.

यादीत नाही म्हणजे मेला नाही.
साडेनवाला शटर वर केलं की गुरगुरत उठतोय.
आतला सेल गेलाय, म्हणून रोज तारीख विचारतो.
घाईत असलो की कुठलीही सांगतो,
तो मानून घेतो.

पण नवी सिस्टीम त्याच्यावर चढत नाही,
ती नाही तर सॉफ्टवेअर नवं होत नाही,
ते नाही तर हैदराबादहून आलेली फाईल उघडत नाही,
आणि फाईल उघडली नाही तर
बोड्डू टेक्स्टाईलची जाहिरात दुसरा कोणी करतो.
अशोक चौकात दुसरे तिघं आहेत.

मग हप्त्यावर नवं घेतलं.
पातळ. पंखाच नाही त्याला.
सुरू आहे का बंद, हात लावून बघावं लागतं.
जुनी गाणी त्यात टाकली:
पट्ट्या सगळ्या दिसतात, हिरव्या, निळ्या,
नावं तीच, 'ढोलक २', 'पद्माबाई फायनल खरं',
रेष वरून सरकत जाते
आणि सनई नाही. पेटी नाही.
'वाद्य सापडले नाही.'
ते वाद्य बनवणारा पोरगा कुठल्याशा थंड देशात
कंपनी गुंडाळून आता पाव भाजतो म्हणे.

खाली क्यातमांची शेड.
नरसय्या जकार्डची पुठ्ठ्याची कार्डं
दोरीत ओवलेली, अजून खुंटीला टांगून आहे.
मोराच्या चादरीची. भोकंच भोकं.
ज्या मागावर चालायची
तो किलोवर गेला भंगारात.
नव्या मागाला पेनड्राइव्ह लागतो.
"मग टाकून दे की," म्हटलं.
"टाकून? मोर हाय त्यात."
मी हसलो होतो. गेल्या वर्षी.

एप्रिल. त्रेचाळीस.
पद्माबाई वडनाल जिना चढून आल्या,
विड्यांची पाटी उंबऱ्यावर ठेवली.
नातीचं लग्न आहे. ते गाणं पाहिजे,
मार्कंडेयाच्या रथापुढं म्हटलेलं,
अकरा वर्षांमागचं.
मी समजावलं. बत्तीस, चौसष्ट, यादी, सगळं.
त्यांनी पदरानं मान पुसली.
"मशीन बदललं, समजलं.
गाणं कुठं गेलं ते सांग की रे."

एकच रस्ता आहे, तो घाईचा नाही.
जुन्यातून वायर काढायची, नव्यात खुपसायची,
इकडं वाजवायचं, तिकडं भरून घ्यायचं,
एका वेळी एक वाद्य.
पाच मिनिटांचं गाणं पाच मिनिटं घेतं,
प्रत्येक पट्टीला पुन्हा पाच.
चारशे बारा गाणी आहेत.
हिशेब केला, दिवाळी उजाडते.

कूलर मशीनकडं फिरवलाय, मी घामात.
नेटची वायर उपटून टाकली,
जगात काय नवीन आलंय
हे त्याला कोणी सांगू नये म्हणून.

आज 'पद्माबाई फायनल खरं' लावली.
गाण्याच्या आधी थोडी रिकामी जागा आहे,
तेव्हा कापायची राहून गेली.
त्यात खालचा माग.
खट्-खटाक्, खट्-खटाक्.
तो जुना. मोराचा.
आणि माईकपासून लांब, कुणाला तरी, पद्माबाई:
"आगू, आगू."
मग श्वास. मग गाणं.

भरून घेतलं. कापलं नाही.

नरसय्याला अजून बोललो नाही.
बोलेन.
ढोलक २ बाकी आहे,
आणि सहाला लाईट जाते.